विश्लेषण : सुगंधी तेलाने मुले खरेच शांत आणि एकाग्र होतात का?

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या मोबाइलवर आणखी एका जाहिरातीची भर पडते. छोटीशी बाटली, रोल-ऑनचे झाकण आणि सोबत दावा : मनगटावर लावा, मुलाचे अभ्यासात लक्ष लागेल. दुसऱ्या बाटलीवर ‘शांत झोप’, तिसरीवर ‘चंचलपणा कमी’. लॅव्हेंडर, रोजमेरी, पेपरमिंट, वाळा ही त्यातली नेहमीची नावे. मुलाला एखादा सुगंध आवडणे वेगळे आणि त्या सुगंधाने त्याची अडचण सुटणे वेगळे. जाहिरातीत हा फरक दिसत नाही. पालकांनी तो ओळखायला हवा.

इसेन्शियल ऑइल म्हणजे काय?

फुले, पाने, साल किंवा मुळांतून, बहुतेकदा वाफेच्या मदतीने, हा सुगंधी अर्क काढतात. नावात ‘तेल’ असले तरी ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे नसते. हवेत पटकन उडून जाणाऱ्या रसायनांचे ते तीव्र मिश्रण असते. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल, निलगिरीत सिनिओल, पेपरमिंटमध्ये मेन्थॉल हे प्रमुख घटक असतात.

गंधाचे संकेत मेंदूतील भावना आणि स्मृतीशी संबंधित भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोहोचतात. त्यामुळेच उदबत्तीच्या वासाने आजोळचे देवघर आठवते. गंधाने मनःस्थिती बदलू शकते, यात वाद नाही. पण त्यावरून ‘लक्ष वाढते’ असे सिद्ध होत नाही.

अभ्यास काय सांगतात?

ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातील संशोधकांचा 144 प्रौढांवरील अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅव्हेंडरचा वास असलेल्या खोलीत बसलेल्यांची तात्पुरती माहिती लक्षात ठेवण्याची क्षमता, वास नसलेल्या खोलीतील लोकांपेक्षा कमी भरली आणि प्रतिसादही मंदावला. रोजमेरीच्या गटात स्मरणाची गुणवत्ता सुधारली, पण वेग कमी झाला. म्हणजे ‘शांत करणारा’ गंध अभ्यासाच्या वेळी उलटही पडू शकतो. एकाच बाटलीवर ‘शांतता’ आणि ‘एकाग्रता’ असे दोन्ही शब्द छापलेले असतील, तर तिथेच शंका घ्यावी.

दातांच्या दवाखान्यात घाबरणाऱ्या मुलांवर लॅव्हेंडरचे काही छोटे प्रयोग झाले आहेत. काहींत भीती थोडी कमी झाल्याचे दिसले. पण तो काही मिनिटांचा परिणाम आहे, वर्गात रोज लक्ष लागण्याचा नाही. चिंतेसाठी लॅव्हेंडर उपयोगी ठरल्याचे जे संशोधन वारंवार पुढे केले जाते, त्यातले बरेचसे प्रौढांना ठरावीक मात्रेत दिलेल्या कॅप्सूलचे आहे. मनगटावर लावलेल्या थेंबाला ते लागू होत नाही. अतिचंचलतेवर म्हणजे एडीएचडीवर सुगंधी तेल हा उपचार असल्याचा भक्कम पुरावा नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक?

नाही. निलगिरी किंवा कापराचे तेल पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. त्यासाठी चमचाभर तेलही लागत नाही. दक्षिण भारतातील रुग्णालयांत झटके आलेल्या 350 प्रौढांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 55 जणांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी, कापूर अशा तेलांच्या वापराशी आढळला. त्यात बाम लावणारे आणि वाफ घेणारेही होते. सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात निलगिरीचे थेंब टाकणाऱ्या आपल्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवे.

अशी तेले कधीही तोंडावाटे देऊ नयेत आणि न मिसळता त्वचेवर लावू नयेत. दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ कापूर, मेन्थॉल, निलगिरी नेऊ नये. दमा किंवा फिट येणाऱ्या मुलांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. मुलाने तेल गिळले तर उलटी करवू नये, कारण ते फुफ्फुसांत जाऊ शकते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे किंवा 108 ला फोन करावा.

खरे नुकसान कोणते?

पाचशे-सातशे रुपये वाया गेले, तर ते पुन्हा कमावता येतात. गेलेले शैक्षणिक वर्ष परत मिळत नाही. वर्गात लक्ष न लागण्यामागे अपुरी झोप, चष्म्याची गरज, कमी ऐकू येणे, रक्तातील लोहाची कमतरता, अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी असू शकते. यातले काहीच वासाने बरे होत नाही. पण बाटलीचा गुण येण्याची वाट पाहताना तपासणी लांबते आणि मूल ‘आळशी’, ‘मस्तीखोर’ ही बिरुदे घेऊन वावरते.

6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाची शाळा, हे गणित कोणत्याही तेलाने सुटत नाही. त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेतही दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि त्यात एडीएचडी व अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडे त्याची चौकशी करता येते.

सुगंधावर बंदी घालण्याचे कारण नाही. झोपेच्या वेळी गोष्ट, मंद दिवा आणि मोठ्या मुलाच्या खोलीत हलका सुगंध असेल, तर तो ठरलेल्या दिनक्रमाचा भाग म्हणून छान आहे. पण तो उपचार म्हणून विकला जात असेल, तर विक्रेत्याकडे पुरावा मागायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते. पुढच्या परीक्षेआधी बाटली मागवण्यापेक्षा मुलाची नजर, कान आणि झोप तपासून घेणे अधिक उपयोगाचे.