सरण की शरण : मौखिक धम्मपाठाचा एक प्रश्न

बौद्ध वाङ्मयाच्या जतनाचा विचार करताना मराठीचा अभ्यासक बहुधा सिंहलद्वीपापाशी थांबतो. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ व परचक्राच्या काळात, त्रिपिटक तेथे लिपिबद्ध झाले. तोवर ते भाणकांच्या मुखी होते. 'समन्तपासादिका' या विनयाच्या अट्ठकथेत एक बोलकी हकिकत येते. महानिद्देस एकाच भिक्षूला मुखोद्गत उरला होता आणि तो भिक्षू दुःशील होता. तरीही ग्रंथ लुप्त होऊ नये म्हणून महारक्खित थेरांना त्याच्याकडून तो शिकण्यास राजी करावे लागले. ही परंपरा महाराष्ट्राला परकी नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभलेखात सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाचे दान नोंदलेले आहे.

भाणक इतिहासजमा झाला, हा समज मात्र तपासून घ्यावा लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मंठ्यासारख्या गावी आणि भोवतालच्या खेड्यापाड्यांत धम्म पोहोचला तो प्रामुख्याने कानांवाटे. वंदनेच्या पुस्तिका होत्या, परंतु वाचता येणारे थोडे. आषाढी पौर्णिमेपासून विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' एकाने वाचावा व इतरांनी ऐकावा; आजीने ऐकून पाठ केलेली त्रिशरण-पंचशीले नातवंडांनी तिच्यामागून म्हणावीत, असा हा क्रम.

या मुखपाठात अनेकदा 'सरण'चे 'शरण' होते. पालीत 'श' नाही. तेव्हा तो अशुद्ध उच्चार, असे म्हणून शिक्षित मंडळी मोकळी होतात. प्रश्न इतका सोपा नाही. मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे, किंवा संतांच्या भाषेत देवाच्या पायी सर्वस्व वाहणे. पालीतील 'सरण' म्हणजे आश्रय. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे बाबासाहेबांनी निक्षून सांगितले. आणि त्यांच्याच अनुयायांच्या तोंडी बसलेला हा एक वर्ण भक्तिपरंपरेचा सगळा अर्थव्यूह सोबत घेऊन येतो. म्हणणाऱ्याला त्यातून नेमके काय अभिप्रेत असते, हे त्याला विचारल्यावाचून कसे कळणार?

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे मराठी विभागांत अगत्याने शिकवले जाते. तेथे पाठभेद हा संशोधनाचा विषय ठरतो. विहारातला पाठभेद मात्र अडाणीपणात जमा होतो, नाहीतर समाजशास्त्राकडे सोपवला जातो. हा पंक्तिभेद समर्थनीय नाही. बुद्धवचन ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावे, अशी मुभा चुल्लवग्गात आहे, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. बुद्धघोषांनी त्या अनुज्ञेचा अर्थ मागधीपुरता घेतला. तो जुना वाद येथे पुन्हा उभा राहतो, तोही मराठीच्या अंगणात.

ज्यांनी वंदना केवळ ऐकून आत्मसात केली, ती पिढी आता वार्धक्यात आहे. ध्वनिफिती आणि भ्रमणध्वनी यांमुळे पुढच्या पिढीचा पाठ एकसारखा होत चालला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या लघुप्रबंधाला एवढे काम पुरेसे आहे: एका तालुक्यातील जुन्या मुखपाठांचे ध्वनिमुद्रण करावे, आणि प्रत्येकापुढे तो कोणाकडून, कोठे शिकला व शिकताना हाती पुस्तिका होती की नव्हती, याची नोंद करावी.