जुन्या मोटारीतील नवे सॉकेट

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. मूळ वस्तूला हात लावणे ही विटंबना, असे एक तट म्हणतो. वस्तू वापरायची असेल तर आजच्या सोयी त्यात हव्यातच, असे दुसऱ्याचे म्हणणे. २०२३ च्या जानेवारीत आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या प्रांगणात देशभरातील जुन्या मोटारी जमल्या होत्या. तेव्हाही हौशी मंडळींत हाच वाद रंगला होता. मला या वादात तिसरी बाजू मांडायची आहे, आणि तीही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावरून.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका भूलतज्ज्ञ वर्गमित्राकडे १९६५ सालची एम.जी.बी. आहे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी. मोबाइलसाठी तिच्यात सॉकेट बसवावे का, असे त्याने मला विचारले. तेथील कारागिराच्या मते ते ‘दोन तारांचे काम’ होते. विजेच्या कामाची मला विद्यार्थिदशेपासून हौस असल्याने मी त्याला सविस्तर उत्तर लिहिले. त्याचा सारांश असा : सॉकेट अवश्य बसवावे, मात्र ते दोन तारांचे काम समजू नये.

अवश्य का, ते आधी सांगतो. निर्जन रस्त्यावर जुनी गाडी बंद पडली आणि हातातला फोन निष्प्राण असला, तर मूळ रूपाचा अभिमान कामी येत नाही. शिवाय जी वस्तू वापरात राहते तीच टिकते. आपल्याकडील २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ मानताना सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट घातली. एका सॉकेटने या तिन्हींपैकी कशालाही बाधा येत नाही.

आता ‘दोन तारा’ का नव्हेत, ते पाहू. वृद्ध रुग्णाला नवे औषध देताना आपण त्याच्या मूत्रपिंडांची राखीव शक्ती पाहतो. या गाडीची राखीव शक्ती म्हणजे तिचा डायनामो. त्याची कमाल क्षमता २२ अँपिअर, आणि इंजिन संथ चालू असताना तेवढीही मिळत नाही. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि इग्निशन मिळूनच तिचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. दहा वॅटच्या मोबाइल चार्जरला सुमारे एक अँपिअर पुरतो. तो भार गाडी सहज सोसेल. त्याच सॉकेटला हवा भरण्याचा पंप लावला, तर दहा अँपिअरच्या आसपास मागणी होऊ शकते. तेव्हा सॉकेट कशासाठी, हे आधी ठरवावे.

दुसरा मुद्दा ध्रुवतेचा. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी. गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक असते. नेहमीचे सॉकेट तसेच जोडले तर चार्जरला उलटा प्रवाह मिळून तो निकामी होऊ शकतो. तारांची अदलाबदल केली तर सॉकेटचे बाहेरचे धातूचे कवच जिवंत होते. मग ते कवच, किंवा चार्जरच्या केबलचे धातूचे टोक, गाडीच्या अंगाला टेकले की शॉर्टसर्किट! अशा गाडीत आत-बाहेरचा प्रवाह पूर्ण अलग ठेवणारा परिवर्तक वापरणे, हाच मला सुरक्षित मार्ग वाटतो.

तिसरा मुद्दा फ्यूजचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. फ्यूज उपकरणाला वाचवतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो मुख्यतः तारेचे रक्षण करतो. म्हणून आम्ही जशी मुलाचे वजन पाहून मात्रा ठरवतो, तसा फ्यूज तारेची जाडी पाहून ठरवावा. या गाडीतील जुने काचेचे फ्यूज ३५ अँपिअरला वितळणारे आहेत. सतत वाहण्याची त्यांची मर्यादा साधारण निम्मी. त्यांच्या भरवशावर बारीक तार टाकली, तर फ्यूज शाबूत राहील आणि तार पेटेल. हेडलाइटच्या मूळ मंडलाला तर फ्यूजच नाही. तेथून वीज घेणे कटाक्षाने टाळावे. फ्यूजपेटीजवळच्या तपकिरी तारेवरून स्वतंत्र जोड घ्यावा, आणि त्या जोडापासून वीतभर अंतराच्या आतच स्वतंत्र फ्यूज बसवावा. जोडापासून फ्यूजपर्यंतची तार अरक्षित असते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. दोन चौरस मिलिमीटरची वाहनासाठीची तार आणि दहा अँपिअरचा फ्यूज, ही जोडी निर्धास्त.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यासाठी जन्माला आले. आता धूर गेला, भोक उरले. आणि भोक दिसले की मूल त्यात काहीतरी घालणारच! बारा व्होल्टने झटका बसत नाही. पण सॉकेटमध्ये नाणे पडून मधले टोक व कवच जोडले गेले, तर ते क्षणात तापते. तेथे योग्य फ्यूजच त्या बोटांचा खरा रक्षक. म्हणून सॉकेटला झाकण असावे आणि स्वतंत्र बटणही असावे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते; सतत जिवंत सॉकेटला विसरून राहिलेला चार्जर बॅटरी हळूहळू रिकामी करतो. चावीवर जोड घेतला, तर उभ्या गाडीत फोन चार्ज करण्यासाठी इग्निशन चालू ठेवावे लागते आणि कॉइल तापते. स्वतंत्र बटणाने दोन्ही अडचणी टळतात.

राहिला प्रश्न जागेचा. मूळ डॅशबोर्डला भोक पाडू नये. ते पुन्हा बुजत नाही. डॅशबोर्डखाली पट्टी लावून तिच्यावर सॉकेट बसवावे, म्हणजे उद्या सारे काढले तरी गाडी पूर्ववत होईल. काय जोडले, कोठून जोडले, कोणता फ्यूज घातला, याचा कागद गाडीच्या फाइलमध्ये अवश्य ठेवावा. केस पेपर नसलेला रुग्ण हाती आल्यावर काय होते, हे आपणां डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. पुढील मालकाच्या कारागिराचीही तीच गत होते.

माझ्या मते जुन्या वस्तूत बदल करण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र तिची ताकद तपासणे, तिला इजा न करणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे, ही त्या अधिकाराची किंमत होय. एवढे पाळले, तर दोन्ही तटांच्या मंडळींनी खुशाल एकाच गाडीतून फिरावे.