केकवरची चेरी की आपलं करवंद?

वाढदिवसाचा केक कापला, की मुलांची पहिली झटापट होते ती वरच्या लालचुटूक चेरीसाठी. पण मैत्रिणींनो, बेकरीतली ती स्वस्त चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच! ते असतं चक्क करवंद.

इथे जबलपूरला पावसाळ्यात बाजारात गुलाबी-पांढऱ्या करवंदांचे ढीग लागतात. हिंदीत त्याला करौंदा म्हणतात. हिरव्या मिरचीबरोबर त्याची भाजी होते, लोणचंही होतं. कोकणातली 'डोंगरची काळी मैना' ही त्याची धाकटी बहीण. हे फळ मात्र मोठं, आंबट आणि घट्ट. खरी चेरी काश्मीर-हिमाचलची, महाग आणि थोड्या दिवसांची पाहुणी. म्हणून तिची जागा करवंदानं घेतली.

कारखान्यात करवंदाच्या बिया काढतात. सल्फाइटच्या पाण्यात फळाचा मूळ रंग घालवतात, मग लाल रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवतात. परदेशातली कॉकटेल चेरीही साधारण अशीच तयार होते. पूर्वी दाल्मेशियात मरास्का जातीच्या आंबट चेरीपासून मद्य करत आणि त्यातच चेरी मुरवत. पुढे अमेरिकेत ओरेगॉनच्या अर्नेस्ट विगँड यांनी १९२०च्या दशकात खारवलेल्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घालून फळ घट्ट ठेवायची रीत बसवली.

या लाल रंगासाठी बहुधा एरिथ्रोसिन वापरतात. आंबट फळात हा रंग विरघळत नाही, पक्का बसतो. म्हणूनच चेरीचा लाल रंग पांढऱ्या क्रीमवर उतरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेनं गाठी आढळल्यामुळे अमेरिकेनं जानेवारी २०२५मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली. उत्पादकांना जानेवारी २०२७पर्यंत मुदत दिली. उंदरांत हे ज्या प्रकारे घडतं, तसं माणसात घडत नाही, हेही तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं आहे. आपल्याकडे ठरलेल्या मर्यादेत हा रंग चालतो. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण बाटलीवरचं लेबल जरूर वाचा. 'करौंदा' आणि रंगाचा क्रमांक १२७ दिसला, की आपण काय विकत घेतोय ते कळेल. एखादी चेरी ठीक. मुलांच्या हाती बाटली मात्र देऊ नका.

त्यापेक्षा घरीच करून पाहा. अर्धा किलो गुलाबी, घट्ट करवंदं घ्या. चीक चिकटतो, म्हणून हाताला तेल लावा. फळांना चीर देऊन बिया काढा. एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात फळं रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन, उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं शिजवून निथळा. पाव किलो साखर आणि दोन वाट्या पाणी उकळून त्यात फळं सोडा. रोज फळं बाजूला काढून पाकात अर्धी वाटी साखर घाला, उकळा आणि फळं परत सोडा. पाच-सहा दिवसांत पाक मधासारखा होतो. घाई करून पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकलीत, तर फळातलं पाणी एकदम बाहेर येऊन ती सुरकुततात. कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

रंग बाजारासारखा भडक येणार नाही, फिका गुलाबी येईल. पाहुण्यांनी विचारलंच, तर चेरी म्हणू नका. करवंद आहे, असंच सांगा.