खेळ कंपनीचा, मैदान आपलेही

जानेवारी २०१९ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजीविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. त्यातली बंदीची मागणी तेवढी गाजली. अशा खेळांतल्या मजकुराची वेळोवेळी तपासणी करणारी समिती नेमावी, ही दुसरी मागणी मात्र मागे पडली. आमच्या मते महत्त्वाची मागणी तीच होती.

पुढचा इतिहास उपनगरांतल्या मुलांना तोंडपाठ आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप बंद केली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये वेळेची मर्यादा घेऊन पुन्हा आला: १८ वर्षांखालच्यांना रोज तीन तास, इतरांना सहा. दरवेळी निर्णय सरकारने किंवा कंपनीने घेतला. ज्यांनी त्यात वेळ आणि खिशातले पैसे घातले, त्यांना कोणी विचारले नाही.

खेळाडू एकत्र बोलले तर कंपनी ऐकते, याचे उदाहरण त्याच खेळात आहे. जून २०२० मध्ये पबजी मोबाइलच्या एका नव्या मोडमध्ये वस्तू मिळवण्यासाठी पात्र मूर्तीसारख्या टोटेमपुढे गुडघे टेकत असे. आखाती देशांतल्या मुस्लिम खेळाडूंनी आक्षेप घेतला. कंपनीने माफी मागून ती कृती काढून टाकली. पण घाटकोपरच्या एखाद्या मुलाला नाव कळताच व्हॉइस चॅटमध्ये ‘पाकिस्तानी’ म्हणून हिणवले जाते, तेव्हा तो एकटा असतो. त्याच्याजवळ फक्त रिपोर्टचे बटण असते.

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, त्या बटणामागे बहुतेकदा आधी माणूस नसतोच. शब्दांची यादी असते आणि किती जणांनी रिपोर्ट केले याचा आकडा असतो. रोमन लिपीतली मराठी-हिंदी शिवी एखादे अक्षर बदलले की यादीतून निसटते. बोललेली शिवी साठवलेली नसेल तर पुरावाच उरत नाही. उलट दहा जणांनी ठरवून एकाला रिपोर्ट केले, तर शिवी खाणाऱ्याचेच खाते बंद पडू शकते. याचा दोष यंत्रावर ढकलून चालणार नाही. पैसा आणि माणसे कुठे लावायची, हे कोणीतरी ठरवलेले असते.

याला पर्याय आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात २००७ मध्ये एका कर्मचाऱ्यानेच आपल्या गटाला दुर्मिळ वस्तू दिल्याचे उघड झाले. विश्वास उडाला. २००८ पासून तिथे खेळाडू मतदान करून आपले मंडळ निवडतात. हे मंडळ कंपनीसमोर खेळाडूंची गाऱ्हाणी मांडते. २०११ मध्ये महागड्या आभासी वस्तूंवरून खेळाडू भडकले, तेव्हा कंपनीने याच मंडळाला तातडीने चर्चेला बोलावले. मंडळ फक्त सल्ला देते, मोठ्या गटांचेच उमेदवार निवडून येतात, अशा तक्रारी तिथेही आहेत.

अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. इमारत बिल्डर बांधतो, पण १९६३ च्या मोफा कायद्याने त्याला रहिवाशांची सोसायटी स्थापन करण्यासाठी पावले उचलावी लागतात. मग कमिटी निवडून येते, सभेत हिशेब विचारता येतो. कमिटीत भांडणे होतात, म्हणून कोणी कारभार परत बिल्डरच्या हाती देत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि प्राधिकरणाची तरतूद त्यात आहे. या प्राधिकरणासमोर खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी बसले पाहिजेत. खाते बंद करताना कारण लेखी मिळाले पाहिजे. आणि आपल्या भाषांतल्या तक्रारी त्या भाषा जाणणाऱ्या माणसाने वाचल्या पाहिजेत.

तोवर हातात आहे ते वापरा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार वापरकर्त्यांचा संवाद वाहून नेणाऱ्या मंचांना तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पटले नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते. स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवा, आणि शक्य असेल तर चार जण मिळून तक्रार करा.

एक गोष्ट आपल्या घरातलीही. मुलीचा आवाज ऐकला की घाणेरडे बोलणारे, हरल्यावर समोरच्याची जात काढणारे आपल्यातही आहेत. त्या वेळी स्क्वाडमध्ये गप्प बसणाऱ्याला स्वतःसाठी न्याय मागताना जड जाईल. कंपनीकडे हक्क मागण्याआधी आज रात्रीच्या सामन्यात आपल्याच मित्राला एकदा थांबवून पाहा.