रोजा सोसतो, इफ्तार सोसत नाही

रमजान आला की बिगरमुस्लिम शेजारी काळजीने विचारतात, ‘पाण्याचा घोटही नाही, मग चक्कर येत नाही का?’ रोजेदार हसून ‘सवय आहे’ म्हणतो. त्या सवयीमागे शरीराची चोख व्यवस्था आहे.

निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. सहरीचे जेवण पचून गेले की रक्तातले इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन वाढते आणि यकृत आपल्या कोठारातली साखर सोडू लागते. हा साठा सुमारे 100 ग्रॅमचा. तो ओसरू लागला की यकृत नवी साखर तयार करते आणि स्नायू चरबी जाळून मेंदूसाठी साखर राखतात. आपल्याकडचा रोजा 13-14 तासांचा. तेवढ्यात निरोगी माणसाची साखर थोडी खाली येते, पण सहसा धोक्याच्या पातळीला जात नाही. असरच्या सुमारास डोके दुखते ते बहुधा पाणी, चहा आणि झोप कमी पडल्यामुळे. निर्जळी एकादशी करणाऱ्याचे यकृतही हेच काम करते.

बिघडते ते मगरिबनंतर. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा, हे ठीकच. पण त्यावर गोड सरबत, भजी, समोसे, जिलेबी असे एकामागून एक आले की दिवसभर शांत असलेली साखर झरझर चढते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाणा खिचडीइतकीच इफ्तारच्या दस्तरखानालाही लागू पडते. संयमाचा महिना वजन वाढवून जात असेल, तर चूक रोजाची नव्हे, ताटाची आहे.

मधुमेहींचे गणित मात्र वेगळे. 2001 मध्ये 13 देशांत झालेल्या पाहणीत, साखर अतिशय घसरून रुग्णालय गाठावे लागण्याचे प्रमाण टाइप 2 च्या रुग्णांत रमजानमध्ये सुमारे साडेसात पट आढळले. तरीही अनेक घरांतले बुजुर्ग डॉक्टरांना न सांगता रोजे धरतात, गोळ्यांच्या वेळा मनाने बदलतात. कारण एकच, लोक काय म्हणतील!

खरे तर कुरआनच्या सूरह बकराहमध्ये (आयत 184-185) आजारी माणसाला आणि प्रवाशाला स्पष्ट सवलत आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत, ते शक्यच नसेल तर गरिबाला जेवू घालावे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात.

अल्लाहने दिलेली सवलत घेणाऱ्याकडे कमी ईमानाचा म्हणून पाहणे मोहल्ल्याने थांबवायला हवे. अब्बांच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेणे, हीदेखील रमजानची तयारीच आहे.