विश्लेषण : उमरग्यातून जगाला संगीत विकता येईल, पण हक्क कुणाकडे राहतील?

मोबाइलवर स्वयंपाकाचा व्हिडीओ सुरू असतो आणि मागे गिटार वाजत असते. मालिकेत सासूने दार उघडले की धीरगंभीर सूर येतो. हे संगीत कुणी बांधले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. या निनावी संगीताचा जगभर बाजार आहे. संगणक, माइक आणि बरे इंटरनेट असेल, तर सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यातूनही त्यात उतरता येते. पोट भरेल की नाही, हे मात्र चालीइतकेच करारावर ठरते.

‘लायब्ररी’चे संगीत म्हणजे काय?

चित्रपटाचे गाणे त्या चित्रपटासाठी बांधले जाते. लायब्ररीचे संगीत आधी तयार होते आणि गिऱ्हाईक नंतर येते. दुकानातल्या तयार कपड्यांसारखा हा प्रकार आहे. ‘तणाव’, ‘उत्साह’, ‘गावाकडची सकाळ’ अशा नावांखाली हजारो तुकडे ठेवलेले असतात. संकलक त्यातून हवा तो निवडतो आणि परवाना घेऊन वापरतो. लंडनची डी वुल्फ ही कंपनी १९०९ मध्ये मूकपटांना संगीत पुरवण्यासाठी सुरू झाली. आजच्या ऑनलाइन बाजारात २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये स्थापन झालेली एपिडेमिक साउंड हे मोठे नाव आहे. मुंबईत गायक-संगीतकार गौरव डगावकर यांनी सहसंस्थापक म्हणून सुरू केलेली ‘हूपर’ याच क्षेत्रात काम करते.

मागणी का वाढली?

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा व्हिडीओतले संगीत ओळखते. चित्रपटाचे गाणे परवानगीशिवाय लावले, तर व्हिडीओचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते किंवा व्हिडीओच अडवला जातो. त्यामुळे जाहिरात कंपन्यांपासून गावातल्या यूट्यूबरपर्यंत सर्वांनाच बिनधोक संगीत हवे आहे.

पैसे कसे मिळतात?

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला एकरकमी विक्रीचा. ठरलेली रक्कम घ्यायची आणि चालीवरचा ताबा सोडायचा. दुसरा परवान्यातल्या वाट्याचा. समजा, एका तुकड्याचा परवाना हजार रुपयांना गेला आणि करारात निम्मा वाटा असेल, तर संगीतकाराला पाचशे मिळतात. तिसरा मार्ग प्रसारणाच्या रॉयल्टीचा. वाहिनीवर कोणता तुकडा किती सेकंद वाजला, याची नोंद ‘क्यू शीट’मध्ये होते. ती हक्क संस्थेकडे जाते आणि त्यावरून पैसे वाटले जातात. शीटमध्ये नाव चुकले किंवा राहून गेले, तर चाल देशभर वाजूनही खात्यात काही येत नाही.

म्हणूनच दहा-वीस तुकड्यांवर संसार चालेल, या भ्रमात कुणी राहू नये. रॉयल्टी हाती यायला अनेक महिने लागतात आणि संग्रह काही शे तुकड्यांचा झाल्याशिवाय उत्पन्नाला सातत्य येत नाही. लग्नसराईत बँड-बेंजो पथकात की-बोर्ड वाजवणाऱ्या तरुणाने हातचे काम न सोडता, उरलेल्या महिन्यांत याची पेरणी करणे शहाणपणाचे.

कायद्याचे संरक्षण किती?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती संगीतकारांसाठी मोलाची ठरली. कलम १८ नुसार चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या संगीताचे हक्क दुसऱ्याला दिले, तरी रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क संगीतकाराला सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन एवढाच यातला मुख्य अपवाद. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर करार भारतापुरता मानला जातो. संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क टिकतात, म्हणजे ही वारसांसाठीचीही मिळकत आहे. रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत आहे. तिचे सदस्यत्व घेणे आणि प्रत्येक चाल तिथे नोंदवणे ही पहिली पायरी.

परदेशी कंपनीच्या करारात मात्र बहुधा त्या देशाचा कायदा लागू असतो. तिथे भारतीय कलमांचे कवच गृहीत धरता येत नाही.

उमरग्याची जमेची बाजू कोणती?

परदेशी लायब्ररीत ‘भारतीय’ शब्द शोधला की बहुतेक वेळा सतार आणि तबलाच पुढे येतो. मराठवाड्यातल्या गावावर माहितीपट करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? धाराशिव जिल्ह्याकडे तुळजाभवानीच्या गोंधळातले संबळ-तुणतुणे आहे, आराधी गीते आहेत, हलगी आहे, भजनी मंडळांचा पखवाज आहे. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने कन्नड सूरही कानावरचा आहे. शांत खोलीत नीट ध्वनिमुद्रित केलेली हलगी ही या बाजारात उमरग्याची खास ओळख ठरू शकते.

पण इथेच सचोटीचाही प्रश्न येतो. पारंपरिक चाल कुणा एकाच्या मालकीची नसते. ती वाजवणाऱ्या कलावंताला मात्र कायद्याने स्वतंत्र हक्क आहेत. सादरीकरणावरचा हा हक्क ५० वर्षे टिकतो आणि व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा वाटाही देतो. संबळ वाजवणाऱ्याच्या हातावर एका दिवसाची बिदागी ठेवायची आणि त्या ध्वनिमुद्रणावर वर्षानुवर्षे कमवायचे, हा प्रकार संगीतकाराने स्वतः सोसलेल्या अन्यायापेक्षा वेगळा नाही. वादकाचे नाव आणि वाटा कागदावर आधीच लिहिला गेला पाहिजे.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

मुदत किती, प्रदेश कोणता आणि तीच चाल इतरत्र देता येते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. एकच चाल नावे बदलून अनेक ठिकाणी दिली, की ‘कंटेंट आयडी’त मालकीचे वाद उभे राहतात आणि गिऱ्हाईक तुटते. अमेरिकी कंपनीकडून रॉयल्टी येणार असेल, तर ‘डब्ल्यू-८बेन’ अर्ज भरावा. तो नसेल तर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवरचा दर १५ टक्के आहे. चालीचा वापर एआयला शिकवण्यासाठी होणार का, हेही आता स्पष्ट लिहून घ्यायला हवे.

एआयमुळे हा धंदा बुडेल?

धोका खरा आहे. हक्क संस्थांचा जागतिक महासंघ असलेल्या ‘सिसॅक’ने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२८ पर्यंत संगीतकारांचे २४ टक्के उत्पन्न धोक्यात येऊ शकते. संगीत लायब्ररींच्या उत्पन्नात तर एआय संगीताचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास जाईल, असा अंदाज आहे. ‘आनंदी गिटार, तीस सेकंद’ एवढीच मागणी असेल, तर ती यंत्र भागवेल. त्या रांगेत नव्याने उभे राहण्यात अर्थ नाही. जो सूर यंत्राने फारसा ऐकलेलाच नाही, तो ज्याच्याकडे आहे त्याला अजून संधी आहे, अर्थात तो सूर यंत्राच्या हवाली फुकट केला नाही तर.

उमरग्यात वादकांची उणीव नाही. उणीव आहे ती करार वाचून दाखवणाऱ्याची. आयपीआरएस आणि सांस्कृतिक कार्य विभागाने मुंबई-पुण्याबाहेर पडून तालुक्याच्या महाविद्यालयांत मराठीतून नोंदणी शिबिरे घ्यावीत आणि कराराचा सोपा मराठी नमुना उपलब्ध करून द्यावा. त्याला मोठा निधी लागत नाही. अन्यथा हलगी उमरग्याची वाजेल, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर चढेल.