चिठोऱ्यावरून पत्ता

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला १४ वर्षांचा मुलगा. ताप, डोकेदुखी, पुढे मेंदूत पाणी आणि झटके. चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पण रोगाला नाव मिळेना. शेवटी त्याच्या मणक्यातले पाणी कॅलिफोर्नियातील संशोधकांकडे गेले. त्यांनी त्यातले डीएनएचे सुमारे ३० लाख तुकडे वाचून संगणकावर ताडून पाहिले. बहुतेक मुलाचेच होते. ४७५ मात्र लेप्टोस्पायराचे निघाले. मुंबईकरांना पावसाळ्यात धडकी भरवणारा तोच ‘लेप्टो’! पेनिसिलिन दिले, मुलगा बरा झाला. २०१४ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

हे जमते कसे? समजा, रस्त्यात पत्राचा फाटका तुकडा सापडला. त्यावर ‘आणि’ एवढेच असेल, तर काही कळत नाही. ‘खंय’ असेल तर आपण म्हणू, पत्र मालवणकडचे. असे चार शब्द मिळाले की खात्री वाढते. गणित हेच करते. डीएनएची अक्षरे चारच. त्यांचे, उदाहरणार्थ, ३१ अक्षरी शब्द पाडायचे, कोणता शब्द कोणत्या जीवाच्या कोशात आहे ते पाहायचे आणि शक्यता मांडायची.

पण ‘खंय’ गोव्यातही म्हणतात! यादीत गोवाच नसेल, तर तिकडचे पत्रही आपण बिनदिक्कत मालवणला धाडू.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्लेग आणि अँथ्रॅक्सच्या जंतूंचे डीएनए सापडल्याचे एका अभ्यासाने सांगितले. वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. शहराच्या आरोग्य खात्याने हरकत घेतली आणि त्याच वर्षी संशोधकांना आपल्या लेखात दुरुस्ती करावी लागली. या जंतूंचे भाऊबंद मातीत राहतात आणि त्यांचा डीएनए बराचसा सारखा असतो.

म्हणून काही संगणक-प्रणाली, शब्द दोन भावंडांत सामायिक निघाला, की नाव न सांगता कुळावरच थांबतात. मला ही रीत पसंत आहे. ठाम आवाजात चुकीचे नाव सांगणाऱ्यापेक्षा ‘एवढेच कळते’ म्हणणारा बरा. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आईला मात्र नाव हवे असते, तेही आजच.

त्या मुलाच्या डॉक्टरांनी खात्रीच्या चाचणीची वाट न पाहता औषध सुरू केले. पेनिसिलिन जुने, ओळखीचे, जोखीम थोडी. पण औषध जहाल असते, तर ३० लाखांतले ४७५ तुकडे त्यांनी पुरेसे मानले असते का?